हाय का कोनी?

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचले आणि हसून सोडून दिले. मी स्टॅटिस्टिक्स शिकलेली मुलगी. कोणी म्हणालं की मला अमुक दिसलं, की मी विचारणार — किती वेळा, कुठल्या उजेडात, आणि आदल्या दिवशी झोप झाली होती का. आज मीच लिहायला बसले याचा माझा मलाच राग येतोय. पण घरी बोलायला गेलं की आई विषय बदलते, आणि डोक्यातून तर ते काही जात नाही.

आमचं गाव मुरबाड–माळशेज रोडवर, वैशाखऱ्याच्या अलीकडे उजवीकडे आत वळलं की तीनेक किलोमीटरवर. गाव खोलगटात आहे, त्यामुळे मोबाइलला रेंज म्हणजे देवाची कृपा. शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मी कल्याणहून घरी आले, आणि त्याच आठवड्यात एका मोठ्या फायनान्स कंपनीची समर इंटर्नशिप मिळाल्याचा मेल आला. दोन महिने, पूर्ण रिमोट. काम चांगलं झालं तर थेट नोकरी. आमच्या गावातून अशा कंपनीत आजवर कोणी गेलेलं नाही. बाबांनी मुरबाड स्टँडजवळच्या कुरिअरवाल्याकडून लॅपटॉप आणला, तो मांडीवर धरून. मोटरसायकल चालवणारा माझा भाऊ सांगतो की वाटभर बाबा एकच शब्द बोलत होते — हळू.

कंपनीचा एक फॉर्म होता. ‘मी बंद खोलीत एकटी बसून काम करेन, माझी स्क्रीन आणि संभाषण दुसऱ्या कोणालाही दिसणार-ऐकू येणार नाही.’ कस्टमरची माहिती असते ना, म्हणून. मी बिनधास्त टिक केलं. शहापूरला मामाकडे जाऊन पाहिलं, तर दोन खोल्यांत सात माणसं आणि टीव्ही. घरी यावं तर रेंज नाही. रेंज सापडली ती एकाच जागी — गावाच्या वर, टेपावर म्हणजे टेकाडावर, कातकरी वाडीत.

वाडी तेव्हा पूर्ण रिकामी होती. दिवाळीनंतर सगळी कुटुंबं शहापूरकडे, वाशिंद-आटगावच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. दारांच्या कड्यांना तारा गुंडाळलेल्या. शेवटचं घर काळूदादा आणि त्याच्या बायकोचं, मंजीबायचं. मंजीबाय आमच्याकडे दरवर्षी आवणीला, म्हणजे भातलावणीला यायची. हात भराभर चालायचा आणि तोंड त्याहून भराभर. मला ‘मास्तरीन’ म्हणून चिडवायची. तिच्या ओट्याला सकाळी सावली असायची आणि फोनला चार दांड्या. मी चटई टाकली, फोनचा हॉटस्पॉट लावला आणि कामाला लागले.

आता माझी चूक सांगते. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक तपासायची सोय असते. आपण काहीतरी बोलायचं, ते रेकॉर्ड होऊन आपल्यालाच ऐकू येतं. लोक ‘हॅलो, टेस्टिंग’ म्हणतात. मी बसले होते दुसऱ्याच्या ओट्यावर, आणि आमच्याकडे कोणाच्या अंगणात पाय टाकला की तोंडातून आपोआप जे निघतं तेच माझ्या तोंडून निघालं — “हाय का कोनी?” आमच्या बोलीत आहेला हाय म्हणतात. ॲपने ते परत ऐकवलं. हाय का कोनी... आणि थोडं थांबून, हळू आवाजात — हाय.

मला वाटलं, एको. गंमत वाटली खरं तर. मग रोज दहाला पाच कमी असताना माइक तपासायला मी तेच म्हणायला लागले. कधी मागून ‘हाय’ ऐकू यायचं, कधी नुसती खरखर.

आमच्या मॅनेजर श्रुती मॅम, पुण्याहून काम करायच्या. दहाच्या कॉलला त्या आधी विचारायच्या, सगळे आलेत का. आम्ही स्क्रीनवर अंगठा दाखवायचो, माइक बंद. दुसऱ्या आठवड्यात गुडगावच्या एका इंटर्नने चॅटवर लिहिलं की तू रोज हाय म्हणतेस ते फार क्यूट वाटतं. मी म्हणाले, मी कुठे म्हणते? त्याने कॉलचा आपोआप टाइप झालेला मजकूर पाठवला. मॅमचा प्रश्न, आणि खाली माझ्या नावापुढे इंग्रजीत — एच, आय. मागचे दिवस उघडून पाहिले. रोज. मॅमच्या प्रश्नानंतर, माझा माइक बंद असताना.

त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टिकेना. पाच मिनिटं काम केलं की मागे वळून बघायचं. दाराची तार तशीच. ओट्यावरून उठून आंब्याखाली जायचं, तिथे रेंज जायची, परत यायचं. एक्सेलची तीच ओळ चारदा वाचायची. भरदिवसा, ऊन डोक्यावर, खाली गावात लोकांचे आवाज... घाबरण्यासारखं काहीच नव्हतं आणि स्वस्थ बसवत नव्हतं. जेवताना आईला सहज म्हणून सांगितलं की मी माइकवर काय बोलते.

“बंद घराला हाक नाय मारायची गो,” आई म्हणाली.

“का पण?”

“नाय मारायची.” आणि तिने मला आणखी भात वाढला.

मी ते म्हणणं बंद केलं. तरी मॅमनी हजेरी विचारली की मजकुरात एच-आय येतच राहिलं. मग एका बुधवारी मॅमचा वेगळा फोन आला. त्यांनी रेकॉर्डिंग आवाज वाढवून ऐकलं होतं.

“पल्लवी, हे इंग्रजी हाय नाहीये. माझं आजोळ जुन्नरकडचं, तिथेही असंच बोलतात. कुणीतरी ‘हाय’ म्हणतंय, म्हणजे आहे. बाईमाणसाचा आवाज आहे. तुझ्याजवळ कोण बसतं?”

“कोणी नाही मॅम.”

“हे बघ, मला तुझं काम आवडतं. पण नियम तपासणाऱ्या कम्प्लायन्सवाल्यांनीही हे ऐकलंय. उद्या दहाला ते कॉलवर येतील, कॅमेरा फिरवून खोली बघतील. दुसरं माणूस दिसलं किंवा ऐकू आलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. इंटर्नशिप तिथेच संपेल.”

खोली! माझ्याकडे होता ओटा. त्यातून दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आमच्या आळीत सुनीलची हळद. सकाळपासून डीजे लागलेला. मी साडेनऊला टेपावर गेले आणि मंजीबायच्या दाराची तार सोडली.

आत कुडाच्या भिंती, एका कोपऱ्यात पालथी घातलेली भांडी, दोरीवर तिचं हिरवं लुगडं. मी लुगडं खाली काढलं, घडी करून भांड्यांमागे ठेवलं. दार लावलं. कोणाच्याही घरात असं घुसताना मला लाज वाटायला हवी होती, पण मला फक्त ती नोकरी दिसत होती. बाबांनी मांडीवर धरून आणलेला तो लॅपटॉप दिसत होता.

कॉल सुरू झाला. मी कॅमेरा चारी भिंतींवरून फिरवला. कम्प्लायन्सच्या गृहस्थांनी इंग्रजीत विचारलं, मग श्रुती मॅमनी मराठीत. “पल्लवी, नीट सांग. तिथे कोणी आहे का?”

“नाही मॅम,” मी मोठ्याने आणि स्पष्ट म्हणाले. “इथे कोणी नाही.”

सगळे थांबले. मीही कान देऊन थांबले. काहीच आलं नाही. गृहस्थ थँक यू म्हणाले आणि कॉल संपला. त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या नावापुढे एकदाही एच-आय आलं नाही. मी सुटले. रात्री हळदीत मी इतकी नाचले की आईने ओढून घरी नेलं.

जूनच्या सुरुवातीला वाडी परत आली. तोवर वाडीतलं कोणीच गावात नव्हतं, त्यामुळे भट्टीकडची कसलीच बातमी आमच्यापर्यंत आली नव्हती. काळूदादा आमच्या अंगणात येऊन बसला, एकटाच. मी आधी कबूल करून टाकलं की तुझ्या ओट्यावर बसत होते, एकदा आतही गेले.

“बस ना गो, त्यात काय,” तो म्हणाला. मग आईकडे बघून म्हणाला, “मंजी गेली.”

कावीळ झाली होती. भट्टीजवळच्या खोपीत पडून असायची. शहापूरच्या डॉक्टरने चार दिवसही काढणार नाही म्हणून सांगितलं होतं, तरी तिने जवळपास महिना काढला. आईने पदर तोंडाला लावला. काळूदादा चहाच्या कपाकडे बघत सांगत होता.

“बोलना बंद झाला व्हता तिचा. पन सकाळी आमची न्यारी व्हायच्या टायमाला बोलायची — हाय. रोज. मी इचारला, कोनाला बोलतंस गो? तं बोलली, घरी कोनी आवाज देतंय, हाय का कोनी म्हून. परत्येक दिवशी वाट बघायची त्या टायमाची. तेवढ्यासाठी उठून बसायची.”

“आणि मग?” मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

“तुमच्या सुनीलच्या हळदीचा सांगावा व्हता मला, तो बेस्तरवार. त्या दिवशी नाय बोलली. मी इचारला, आज आवाज नाय आला? तं बोलली, आला, पन बोलतंय इथं कोनी नाय म्हून. मंग भिंतीकडं तोंड करून झोपली. दुपारी गेली.”

तो आवाज माझा होता, हे मी त्याला अजूनही सांगितलेलं नाही.

मला नोकरी मिळाली. मी सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या आहेत. ॲपमधला बिघाड, शेजारच्या टॉवरवरून मिसळलेला कोणाचा तरी कॉल, तापातलं बरळणं, काळूदादाची वारांची गल्लत. एकेक वेगळं घेतलं तर पटतं. सगळी एकत्र घेतली की मला आकडेमोड सुचत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा.

पण मला झोपेतून उठवतं ते वेगळंच. त्या गुरुवारी मला हे सगळं माहीत असतं, तर मॅमच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं असतं? ‘हो, आहे’ म्हटलं असतं, असं मी इथे लिहून पाहिलं. तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा खोडलं.