काचेतल्या महालक्ष्म्या

आमच्या इंदूरच्या लोककला संग्रहालयात मी तिकीटं फाडते, काचा पुसते आणि पोरं काचेला नाकं लावायला लागली की ओरडते. माणसांचा मला एकूण कंटाळाच आहे. वसुंधराकाकूंचा मात्र कधी आला नाही.

काकू राजेंद्रनगरच्या, जन्म शाळेत शिकवण्यात गेला. काका वारले, मुलगा कॅनडात, आणि सुनेनं सांगून टाकलं, "आमच्याकडून नाही व्हायचं." आपल्यामागे घरच्या महालक्ष्म्या माळ्यावर पडायला नकोत, म्हणून काकूंनी दोन्ही पितळी मुखवटे आम्हाला देऊन टाकले. बाईंची समजूत काय, तर इथं दर भाद्रपदात त्यांना बसवतील! पारंपरिक जीवनाचं संग्रहालय ना, मग सण नको का करायला? मला हे कळलं तेव्हा सही होऊन गेली होती.

परवा पूजनाच्या दिवशी काकू पुरणपोळीचा डबा घेऊन हजर.

"मंजुषा, अगं अजून साड्यासुद्धा नेसवल्या नाहीत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या साहेबांना, यशवर्धनजींना, बोलावलं. भला माणूस, पण नियम म्हणजे नियम.

"आंटीजी, अब ये संग्रहालय की चीज़ है. पूजा की परमिशन नहीं है."

"मग विसर्जनापर्यंत घरी नेते हो. परत आणून देते, लिखके देती हूँ."

"मेरे हाथ में कुछ नहीं है, आंटीजी." आणि खरंच नव्हतं. तो बिचारा खाली मान घालून निघून गेला.

काकू काचेसमोर उभ्या राहिल्या. "कपाळं बघ गं कशी मोकळी. आज तरी असं ठेवू नये." पिशवीतून कुंकवाची डबी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "तू सवाष्ण आहेस. तूच लाव."

आत हात जाणार कसा? दोघींच्या कपाळांसमोर मी काचेवरच कुंकवाचं बोट टेकवलं. काकूंनी हात जोडले आणि ढसाढसा रडल्या. मलाही आवरेना.

तेवढ्यात साहेब परतले. "अरे मंजुषाजी, ये क्या! अभी ग्रुप आ रहा है. साफ कर दीजिए, प्लीज़."

फडकं उचललं खरं, पण हात पुढे होईना. सणाच्या दिवशी, देवीच्या कपाळाचं कुंकू! खड्ड्यात गेली नोकरी, असं मनात म्हटलं. मनातच. घरात कमावणारी मी एकटी.

काकूंनी फडकं माझ्या हातातून काढून घेतलं.

"सवाष्णीनं कुंकू पुसू नये. हो बाजूला," त्या म्हणाल्या. "मला चालतं."

आणि दोन्ही कपाळं त्यांनीच पुसली.