तोंड न धुता सांगायची सपनं

हे मी लिहिणारच नव्हती. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं, कारण आशाबाईच म्हणाल्या, "माह्यावर काय लिहितं वं, मी मेथी विकणारी बाई." पण करिष्माची गोष्ट पोटात राहतच नाही, म्हणून आता एका दमात लिहून राह्यली.

तर सोनाळ्याच्या आशाबाई. सकाळी सहाले त्यांच्या ओट्यावर मेथी अन् सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, ढीग असतो अन् त्या जुड्या बांधत बसलेल्या असतात. तेवढ्यात गल्लीतले पोट्टे येतात. पारोसे, डोळ्यांत चिपडं, केस उभे. आशाबाईंचा नियमच तसा. तोंडाले पाणी लागलं की सपन वाहून जाते, म्हणून आधी सपन सांगायचं, मग तोंड धुवायचं. पोट्टे पिवळी पानं निवडता निवडता सांगतात, आशाबाई ऐकतात. बाजार उरकला की दुपारी तेच सपन जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या मोठ्या अक्षरांत उतरवतात. चित्र ज्याचं सपन त्यानंच काढायचं. बारा पानं झाली की दाभण घेऊन सुतळीनं शिवायची, झालं पुस्तक. तरुणपणी त्या नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये पोती शिवायच्या, तो हात अजून गेला नाही. अशी नऊ पुस्तकं झाली. शाळेत वाचनाच्या तासाले पोट्टे छापलेली पुस्तकं सोडून हीच ओढतात, कारण यातला राक्षस गावाच्याच पाण्याच्या टाकीवर पाय सोडून बसलेला असतो.

गेल्या हिवाळ्यात गल्लीतल्या देवानंदची पोरगी करिष्मा यायले लागली. पाच वर्षांची. रोज यायची, कोपऱ्यात बसून सगळ्यांची सपनं ऐकायची अन् जायची. आशाबाईंनी विचारलं की मान हलवायची.

"तिले पडतच नाही मावशी," अपेक्षा म्हणायची. ही तिसरीतली, सगळ्यांत जास्त पानं हिचीच. "झोपली की धोंडा."

करिष्माले वाचता येत नव्हतं, पण 'क' ओळखू यायचा. नवं पुस्तक शिवलं की ती पानापानावर आपला क शोधायची, बाकीचं मोठ्या पोट्ट्यांकडून वाचून घ्यायची.

मग एका सकाळी ती स्वतःहून उभी राह्यली. "मले सपन पडलं. मी कापसाच्या गंजीवर झोपली अन् गंजी उडाली. लोणारच्या तळ्यावरून गेली."

"हे त माह्यं हाय," अपेक्षा म्हणाली. "चौथ्या पुस्तकातलं."

आशाबाईंनी वर पाह्यलं. पोरीचं तोंड धुतलेलं, पावडर लावलेली, दोन वेण्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तोंड धुऊन आली, अन् वरून दुसऱ्याचं सपन घेऊन आली. इथं असं नाही चालत, बाई."

पोट्टे हसले. करिष्मा उठून गेली ते चार दिवस आलीच नाही.

त्या चार दिवसांत आशाबाईंच्या जुड्या एक जाड, एक बारीक. नऊ पुस्तकं भरून पोट्ट्यांले बोलतं केलं अन् एकीचं तोंड आपणच बंद केलं, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. ती पुन्हा कोणासमोर बोललीच नाही त?

पाचव्या दिवशी आठवडी बाजार असून त्या देवानंदच्या घरी गेल्या. छाया, करिष्माची आई, तिची वेणी घालून राह्यली होती.

"मावशी, मीच तिले पारोशी धाडत नाही," छाया म्हणाली. "लोकं काय म्हणतीन?"

"तुह्याशी काम नाही, तिच्याशी हाय." आशाबाई खालीच बसल्या. "चुकलं माह्यं, करिष्मा."

करिष्मा फणीकडे पाहत राह्यली.

"एक सांगू? मलेही सपन पडत नाही. लय वर्षं झाले. डोये मिटले की सकाळच."

"खोटं."

"खरंच वं."

"मंग दुसऱ्यायचेच लिहिता?"

"हाव. आता तू मले एक बनवून दे."

"बनवलेलं चालते?"

आशाबाई घुटमळल्या. नऊ पुस्तकांत एकही बनवलेलं नव्हतं. "आजपासून चालते," त्या म्हणाल्या.

करिष्मा लगेच सांगायले लागली. "एक म्हैस एसटीत बसली. कंडक्टर म्हणे, पूर्ण तिकीट काढ. म्हैस म्हणे, काऊन? मी बाई हाय, मले अर्धंच लागते."

छायाचा हात वेणीतच थांबला. "मंग वं?"

"मंग तो म्हणे, आधार कार्ड दाखव. तिनं शिंग दाखवलं."

आशाबाई इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसावे लागले. दहाव्या पुस्तकाचं पहिलं पान म्हशीचं आहे, अन् खिडकीतून दिसणारं शिंग करिष्मानंच काढलं. आता ओट्यावर धुतलेली तोंडंही चालतात. अपेक्षा तिच्याजवळ सरकून बसते अन् विचारते, "म्हैस उतरली कुठं वं?" करिष्मा म्हणते, "थांब, बनवून राह्यली."

जूनमध्ये ती पहिलीत जाईल, मग सकाळची घाई सुरू होईल. सोनाळ्याकडून जाणं झालं तर त्याच्या आधीच जा, सातच्या आत, मेथी बाजारात जायच्या आधी. आशाबाई अन् करिष्मा, दोघी ओट्यावरच असतात. भेटून या, लवकर.