अर्ध्या वाटेपर्यंत

किस्से हे स्वयंपाकघरातल्या कॅरीबॅगांसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण एक ओढायला गेलं की दहा बाहेर येतात. परवा माझ्या मैत्रिणीनं, वैशालीनं, असाच एक ओढला. ती आणि तिचा नवरा सिंगापुरातल्याच बुकित बातोकहून आमच्याकडे सेंगकांगला जेवायला आले होते. निघाले तेव्हा मीही चपला अडकवल्या, त्यांच्याबरोबर लिफ्टनं खाली उतरले, एलआरटी स्टेशनच्या रस्त्याला लागले आणि निम्म्यावर "बरं, या हं" म्हणून परत फिरले. घरी येते तोवर वैशालीचा मेसेज. "नवऱ्याशी भांडलीस का गं? काही सांगायचं होतं का?"

माझ्यावर संशय घेतला की मला आता काही वाटत नाही. आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात वर्षभर शाळेत गणित शिकवायला व्हॉलंटियर म्हणून गेले होते ना, तिथं सुरुवातच संशयानं झाली. आणि खोटं कशाला बोलू, मीही काही कमी नव्हते.

*

पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी शाळा दाखवली, माझं घर दाखवलं, मग जरा घुटमळून विचारलं, "मॅडम, दुकान कुठं टाकणार?"

तिकडे भारतीय माणूस म्हणजे दुकानदार. म्हटलं, अहो, मी इंजिनिअर आहे, सिंगापूरला आंग मो किओत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरी करते, सुट्टी घेऊन फुकट शिकवायला आलेय. 'फुकट' ऐकल्यावर तर त्यांची खात्रीच पटली की बाई काहीतरी लपवतेय. पुढे कितीतरी दिवस मी फळ्यावर समीकरण मांडलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "मॅडम, साबण कधी येणार?"

*

फोनला रेंज यायची ती एकाच जागी. गावातून डांबरी रस्त्याकडे जाताना निम्म्या वाटेवर एक आंब्याचं झाड होतं, त्याच्याखाली. तिथून मी रोज संध्याकाळी नवऱ्याला, नितीनला, फोन करायचे. आवाज नीट जात नसे, म्हणून ओरडून बोलायचे. "कुंड्यांना पाणी घातलंस का? नाही? काल पण नाही?" झाडाखाली आणखी दहाजण आपापले फोन घेऊन उभे असायचे. ते गप्प राहून माझंच ऐकायचे.

महिन्याभरानं हेडमास्तरांच्या बायकोनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "नवऱ्यानं घराबाहेर काढलं तरी त्याला असं रोज ओरडू नये. नाही तर कधीच परत घेणार नाही." अख्ख्या गावानं माझा संसार मोडून ठेवला होता, आणि मला पत्ताच नाही.

*

तिकडे बाईला मायी म्हणतात, आपल्या माईसारखंच. माझी शेजारीण मायी फिरी. विधवा, शरीरानं दणकट, जन्मभर तालुक्याच्या स्टँडवर चहा विकलेला, त्यामुळे इंग्रजी कामापुरतं फर्डं. ती मला दर दोन दिवसांनी भोपळ्याची पानं आणून द्यायची. का? मला कळेना. सेंगकांगमधल्या माझ्या शेजाऱ्यांना मी दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखते. फुकटची भाजी देणारी बाई म्हणजे नक्की काहीतरी हवं असणार.

एकदा त्याच पानांना मी हिंगाची फोडणी घातली. मायी धावत आली. अंगावरच्या कापडाचं टोक नाकाला लावून म्हणाली, "कोण आजारी आहे? औषध कसलं शिजवतेस?" मी भाजी पुढं केली. तिनं मी आधी खाते का ते पाहिलं, मगच चाखली. म्हणजे संशय दोन्हीकडून होता.

*

आता मुख्य दुखणं सांगते. शेवटच्या वर्गातल्या मुलींची बोर्डाची परीक्षा जवळ येत होती आणि सगळ्या गणितात अडकलेल्या. तिथं नापास झालेली मुलगी परत शाळेत दिसत नाही, थेट लग्नात दिसते. मी जाहीर केलं, शाळा सुटल्यावर माझ्या घरी क्लास, या.

मुली आल्या नाहीत. त्यांच्या आया आल्या. एकेक जण यायची, चहा प्यायची, घर न्याहाळायची, "मुलीला पाठवते" म्हणायची आणि जायची. मी चटई घालून, खडू घेऊन बसायचे. एकही मुलगी फिरकली नाही. मला रडू यायचं, आणि रागही. पाठवायचंच नसेल तर चहा कशाला पिता?

*

त्यातच माझ्यावर पाळत होती. हेडमास्तरांकडून निघाले की त्यांची बायको बरोबर चालायला लागायची, दवाखान्यातून निघाले की नर्स. थोडं अंतर आल्या की गुपचूप मागं वळायच्या. जणू पहाऱ्याची हद्द संपली. मायी फिरी तर घर शेजारी असूनही माझ्या दारापर्यंत यायची.

एक दिवस माझं डोकं फिरलं. तिच्या अंगणातच थांबले आणि विचारलं, "मी काय चोर आहे? माझ्यावर पहारा कशाला?"

मायीनं उलट मलाच विचारलं, "तू माझ्याकडून उठलीस ना? मग एकटी जाऊ देऊ? पाहुण्याला थोडं सोडायला जातात." मग हात कमरेवर ठेवून म्हणाली, "तू मात्र आमची पाठ वळली की कडी लावतेस. खटकन. आया काय म्हणतात माहितीये? जी आम्हाला अंगणापर्यंत सोडत नाही, ती आमच्या पोरींना काय सांभाळणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिंगापुरात पाहुणा लिफ्टशी पोचायच्या आत आमच्या गेटला कुलूप लागतं, ते मी तिला कोणत्या तोंडानं सांगू?

*

त्याच आठवड्यात एक आई चहाला आली. निघाली तशी मीही निघाले, बोलत बोलत निम्म्या वाटेपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी तिची मुलगी वही घेऊन दारात. मग तिच्या मैत्रिणी, मग चटई पुरेना. क्लास सुटला की मी त्यांना घेऊन निघायचे, समोरून आया यायच्या, मध्ये कुठंतरी गाठ पडायची. परीक्षेला सगळ्या बसल्या. साबणाचं विचारणं मात्र थांबलं नाही.

*

निघायच्या दिवशी गाव लोटलं. मायीनं माझी सूटकेस डोक्यावर घेतली. बस डांबरी रस्त्यावर मिळणार होती. मुली, आया, हेडमास्तर, सगळे गात निघाले. मला भरून आलं होतं.

आंब्याच्या झाडाशी मायी थांबली. सूटकेस खाली ठेवली. मागचे सगळे थांबले, गाणंही थांबलं. मी पाहते तर लोक परत फिरायला लागलेले. अजून निम्मी वाट बाकी, ऊन हे एवढं. मनात म्हटलं, बघा, वर्षभर राबले आणि शेवटी हे.

"बसपर्यंत नाही येणार?" मी विचारलं. आवाज चिडकाच लागला असणार.

मायीनं सूटकेसचं हँडल माझ्या हातात दिलं.

"शेवटपर्यंत फक्त मयताला पोचवतात," ती म्हणाली, आणि मागं वळून घराकडे चालायला लागली.