न दिसलेल्या बेटाची सहल

आमच्या घरमालकांनी, म्हणजे अण्णांनी, माळ्यावरून तंबू खाली काढला, की कर्नाटकातल्या सगळ्या धरणांची काळजी मिटते. ऋतू कुठला का असेना! मार्चमध्ये त्यांनी डोंगरावर मुक्काम ठरवला, तर गारा पडल्या. ऐन डिसेंबरात नातवाच्या मित्रांना तळ्याकाठी नेलं, तर बंगालच्या उपसागरात वादळ उठलं आणि तंबूचा पत्ता विचारत थेट तिथवर आलं. जे. पी. नगरच्या आमच्या गल्लीतल्या बायका पापड वाळत घालण्याआधी अण्णांना 'कुठं जाणार नाही ना?' म्हणून विचारून येतात. अण्णांना स्वतःला मात्र यातलं काहीएक मान्य नाही. "पाऊस आला तर ती पावसाची चूक, पुट्टी. आमचा प्लॅन सरीच, बरोबरच होता," असं म्हणून ते मिशीवरचं पाणी पुसतात.

पुट्टी म्हणजे छोटी. हेब्बाळच्या ऑफिसात अख्खी टीम माझ्या नावानं बोटं मोडते, पण अण्णांच्या लेखी मी पुट्टीच. त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. "आमी घोड्यावरनं आलो, तुमी स्लीपर बसनं," हे त्यांनी मला वरच्या मजल्यावरची जागा दाखवतानाच ऐकवलं होतं. कँपिंगला निघताना ते पंपाचा स्टोव्ह घेतात, पोळपाट-लाटणं घेतात, लग्नातल्या पंगतीला पुरेल एवढी परात घेतात, पण छत्री म्हणून घेत नाहीत. छत्री दिसली की पावसाला वाटतं आपल्याला बोलावलंय, हे त्यांचं शास्त्र! तंबूची चेन अर्ध्यातच अडकते. त्याबद्दल बोललात, तर "हवा नको काय तुमाला?" असं उलट आपल्यालाच विचारतात. हे सगळं आपण मुकाट्यानं ऐकून घ्यायचं असतं. मीही इतकी वर्षं घेत आले. वडीलधारं माणूस, त्यातून घरमालक, उगाच तोंडी कशाला लागा!

गेल्या वर्षी बाबा गेले आणि मी आईला सांगलीहून इकडे घेऊन आले. माझ्या आई-बाबांचा संसार म्हणजे चाळीस वर्षांचं अखंड भांडण होतं. चहात आलं की वेलची, पंखा दोनवर की तीनवर, शेजारच्यांचा थोरला हुशार की धाकटा, कशावरही जुंपायची, आणि जेवायला मात्र एकमेकांवाचून बसायची नाहीत. आता आई कशालाच नाही म्हणेना. भाजी कुठली करू? कुठलीही. फिरायला येतेस? चालेल. नको असेल तर राहू दे. तेही चालेल. आल्या दिवशी अण्णांनी तिला 'अक्का' म्हणून हाक मारली, तीही तिनं निमूट ऐकून घेतली. लोक म्हणायचे, किती समजूतदार आहे तुझी आई! मला मात्र धडकी भरायची. बाबांच्या मागोमाग आईही हळूहळू चाललीय आणि मी नुसती बघत बसलेय, असं वाटायचं.

अण्णांनी एकदा जिन्यात थांबवून विचारलं, "अक्का बोलत का नाहीत?" मी सगळं सांगितलं. त्यांनी मिशी ओढली, आभाळाकडे बघितलं आणि जाहीर केलं, "कावेरीच्या धरणात एक बेट आहे. पक्षी असतात. काठावर तंबू टाकू, होडीनं बेट दाखवू. जानेवारी आहे, पावसाचं नावसुद्धा नाही." आई म्हणाली, "चालेल."

मंड्या ओलांडेपर्यंत लख्ख ऊन होतं. काठावर पोचलो, अण्णांनी तंबूची पहिली खुंटी ठोकली आणि पश्चिमेकडून ढग आले. "रिकामे आहेत," अण्णा म्हणाले. इथली होडी म्हणजे वेताची मोठी गोल टोपली. ती पुढे जाता जाता स्वतःभोवती फिरते. आम्ही तिघं आणि नावाडी बसलो. काठ जेमतेम सुटला असेल नसेल, ते रिकामे ढग आमच्यावर रिते झाले. बेट दिसेनासं झालं. नावाड्यानं घाईघाईनं टोपली काठाकडे वळवली. अण्णांनी परात उचलून आईच्या डोक्यावर धरली. होय, परात ते होडीतही घेऊन आले होते! पाऊस त्या परातीवर असा काही ताशा वाजवत होता की अण्णांना ओरडून बोलावं लागत होतं. आणि ते बोलत होते! "अक्का, डावीकडे बघा, बेट! दिसत नाही, पण आहे! त्याच्यावर झाडं, झाडांवर पक्षी!" टोपली गर्रकन फिरली. "आता उजवीकडे बघा, तेच बेट!" मग पाण्यातून वर आलेल्या एका काळ्या आकृतीकडे बोट दाखवून ते गरजले, "तो पेलिकन!"

"पेलिकन नाही तो," आई म्हणाली.

मी दचकून तिच्याकडे बघितलं.

"पेलिकनच, अक्का. स्वल्प नीट बघा."

"अहो, काय नीट बघा? जन्म गेला माझा कृष्णेच्या काठी! पाणकावळा आहे तो. पेलिकन काळा असतो का कधी? आणि ती परात सरळ धरा, सगळं पाणी माझ्या मानेत जातंय. जानेवारीत पाऊस नाही म्हणे! आभाळाकडे बघून काही कळतं का तुम्हाला? आणि मी चांगली चार वर्षांनी लहान आहे तुमच्यापेक्षा, अक्का काय म्हणता उठसूट! मूर्ख माणूस!"

तो वाळका बुंधा आहे, पक्षी नव्हे, असं नावाड्यानं कन्नडमध्ये सांगून बघितलं. त्यावर आई मराठीत आणि अण्णा कन्नडमध्ये, दोघं मिळून त्या बिचाऱ्यावर घसरले. मी टोपलीच्या तळाशी भिजलेल्या मांजरासारखी बसले होते आणि मला इतका आनंद झाला होता की रडूच आलं.

काठावर तंबू भुईसपाट झालेला. आईनं पदर खोचला, आम्हाला चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली हलवलं, स्टोव्ह पेटवून उप्पीट केलं आणि अण्णांना रवा भाजण्यावरून आणखी चार शब्द सुनावले. अण्णांनी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहाला बसताना आई म्हणाली, "माझं रविवारचं तिकीट काढ. सांगलीचं घर किती दिवस बंद ठेवायचं? आणि लेकीच्या दारात असं कायमचं राहतात का?" मी भांडले, रडले, अबोला धरला. पण ती पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. पहिल्यासारख्या आईपुढे माझं कधी काही चाललंय? मला माझी आई परत हवी होती. ती मिळाली, आणि आपल्या घरी निघाली.

यशवंतपूर स्टेशनात गाडी हलेपर्यंत खिडकीतून तिच्या सूचना चालू होत्या. मग फलाट रिकामा झाला. अण्णा पार्किंगमध्ये आपल्या गाडीत किल्ली हातात धरून नुसतेच बसून राहिले.

"पुट्टी," ते म्हणाले, "मुलगा-सून चांगली आहेत गं माझी. पण बायको गेल्यापासून घरात माझ्याशी कुणी भांडत नाही. मी काय बी बोललो तर 'सरी अण्णा' म्हणतात आणि फोन बघतात. अक्कांनी मला मूर्ख म्हटलं. किती वर्षांनी म्हटलं कुणीतरी!"

त्यांनी गाडी सुरू केली, नाक पुसलं आणि म्हणाले, मल्लेश्वरमधून गेलं की जे. पी. नगर जवळ पडतं.

"काहीतरीच काय सांगता अण्णा!" मी म्हटलं. "रविवारी संध्याकाळी मल्लेश्वरमधून? अजिबात जायचं नाही."

त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला आणखी चेव आला. मी बोलतच राहिले. ते चिडले, मीही चिडले. त्यांनी हट्टानं मल्लेश्वरच घेतलं, तासभर अडकलो, आणि चूक कुणाची यावरून नव्यानं जुंपली. फाटकाशी गाडी थांबली तरी आमचं संपलं नव्हतं. वर आईविना घर होतं, खाली अण्णांचं शांत घर होतं. दोघांनाही काही घाई नव्हती.