रस्त्याचा जबाब

ती घटना आजही आठवते आणि भर दुपारी बसल्या जागी अस्वस्थ व्हायला होतं. ऊस हंगामाचे शेवटचे दिवस, ऊन कडक. कागलकडच्या एका वळणावर उसाची ट्रॉली उलटली आणि शेजारून मोटारसायकलवर निघालेला दूधवाला तिच्याखाली सापडून जागीच गेला. ट्रॅक्टरचालक पळाला नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा तो दोन्ही हातांनी ऊस उपसत होता. निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवून मी त्याला अटक केली. जबाबात तो एकच सांगत राहिला, "साहेब, जोरात न्हवतो मी. रस्त्यानंच चाक वढलं."

असं बरेच जण सांगतात. तरी माझं मन थाऱ्यावर येईना.

मग ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "ड्रायव्हरला काय इचारताय? रस्त्याला इचारा की."

पुन्हा जागेवर गेलो. ऊस उचलला गेला होता. नव्याकोऱ्या रस्त्यावर खोल चाकोऱ्या पडलेल्या, कडेला डांबर फुगून आलेलं. कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणाला की उन्हानं डांबर मऊ होणारच, आणि डांबराचा नमुना तर प्रयोगशाळेनं पास केलाय. तेही खरंच होतं. म्हणून पंचांसमक्ष वळणाचा तुकडा कापून सील केला आणि त्याच प्रयोगशाळेत नेला.

तिथल्या इंजिनिअर बाईंनी तुकड्यातलं डांबर वेगळं काढलं. आधी पास केलेल्या जुन्या नमुन्यातलंही थोडं शिल्लक होतं. यंत्राच्या दोन चकत्यांमध्ये चिमूटभर डांबर धरायचं, तापल्या रस्त्याइतकं गरम करायचं, पिळायचं, सोडायचं आणि ते किती मागं फिरतं ते पडद्यावर बघायचं. कंत्राटात ठरलेलं, पॉलिमर मिसळलेलं डांबर रबरासारखं बरंच मागं फिरतं, साधं पिळलेलंच राहतं. सुपरवायझरला मी शेजारीच उभं केलं होतं. जुना नमुना मागं फिरला. रस्त्यातलं डांबर फिरलं नाही.

सुपरवायझरनं पडद्यावरची रेघ बघितली. मग हळूच म्हणाला, "चांगलं डांबर एकदाच आणलं, साहेब. नमुन्यापुरतं."

त्याच्यावर आणि कंत्राटदारावर दोषारोपपत्र गेलं. चालकाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी कोर्टात दिला, तो सुटला. हे सांगायला स्वतः त्याच्या घरी गेलो. त्यानं ट्रॅक्टर विकायला काढला होता.

आरोपी तेच तेच बोलतो म्हणून ते खोटं नसतं, हे या प्रकरणानं शिकवलं. पण दोष दुसऱ्याचा आहे हे सिद्ध केलं की माणूस मोकळा होतो, असं मी समजत होतो. तुझी चूक नव्हती, असं त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "व्हय साहेब. पर स्टेअरिंग माझ्या हातात हुतं."