सिमेंटवरचं झुडूप

नागपुरातल्या इंदोऱ्याचा शालिकराम आठवड्याचे सहा दिवस लोकांचे चेहरे साफ करायचा आणि सातव्या दिवशी विमानं बघायला जायचा. सीताबर्डीवर मधुकररावांचा फोटो स्टुडिओ होता, त्याच्या मागच्या खोलीत तो रिटचिंगला बसे. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड सोडायचा आणि टोकदार पेन्सिलीनं, नाहीतर ब्लेडच्या कोपऱ्यानं, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, जे काही मुलीच्या बापाला नको असेल ते घालवायचं. अर्ध्या नागपूरची लग्नं शालिकच्या पेन्सिलीनं जमतात, असं मधुकरराव गिऱ्हाइकांना सांगत. पगारवाढीचा विषय निघाला की मात्र त्यांना हे हटकून आठवत नसे.

विमानाचं वेड त्याला साठ साली लागलं. कुठल्याशा पाहुण्याचा फोटो काढायला मधुकररावांनी त्याला सोनेगावच्या विमानतळावर धाडलं. पाहुणा गोरा होता की काळा, हे त्याला दुसऱ्या दिवशी सांगता येईना. शेपटी जमिनीला टेकवून, नाक वर करून उभं असलेलं डकोटा विमान तेवढं डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या रविवारी तो सायकल मारत पुन्हा तिथं हजर. त्याच्या पुढच्याही रविवारी. स्टुडिओत अडगळीत पडलेला एक बॉक्स कॅमेरा त्यानं दुरुस्त करून घेतला. एका रोलात आठ फोटो. पळत्या विमानाचा नुसता फराटा यायचा, म्हणून उभ्या विमानाचा काढायचा. घरी येऊन वहीत तारीख, वेळ आणि शेपटीजवळची इंग्रजी अक्षरं उतरवायची आणि निगेटिव्ह तिच्या फोटोसकट पत्र्याच्या पेटीत, एकेक वेगळ्या पाकिटात ठेवायची. या पेटीला घरात कुणी हात लावायचा नाही.

"दुसऱ्याईचे नवरे दारू पेतात, माह्या नवरा इमानं पेते," त्याची बायको प्रेमिला शेजारणींना सांगे. पण पेटीवरची धूळ तीच पुसायची.

गोपाळरावशी त्याची ओळख तारेच्या कुंपणापाशी झाली. गोपाळराव आतला माणूस. प्रवाशांच्या सामानाची नोंद ठेवणारा कारकून, अंगावर खाकी, खिशात दोन पेनं, आणि बोलण्याची हौस दांडगी. कोणतं विमान किती माणसं नेतं, कोणाचं इंजिन कसं ओरडतं, हे त्यानंच शालिकला शिकवलं. पुढं पुढं तर शनिवारी संध्याकाळी तो स्टुडिओत डोकावून एक चिठ्ठी देऊन जाई. रविवारी कोणतं विमान केव्हा येणार आणि कितीक वेळ उभं राहणार, सगळं त्यात असे. शालिकनं या माणसावर भावासारखा जीव लावला. सणाला गोपाळराव त्याच्या घरी जेवायला असायचाच.

फक्त एक खोड होती. शालिकनं तारेबाहेरून कॅमेरा रोखला, की गोपाळराव आतून टुणटुण चालत यायचा आणि विमानाच्या चाकापाशी कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, जसं काही ते त्याच्या वडलांनीच आणून बांधलं होतं! आणि सोमवारी तोच गोपाळराव घाबराघुबरा होऊन स्टुडिओत.

"शालिक, माह्या चेहरा कुठी दिसू देऊ नको गा. फोटो काढाले बंदी हाय अन् मी त्याच्यात उभा! सायबाच्या हाती लागला तं नोकरी जाईन माही."

"मंग उभे काहून राहता, भाऊ?"

"आता राहावत नाही, काय करू!"

शालिक हसायचा आणि ब्लेड उचलायचा. निगेटिव्हवरून माणूस खरवडला, की फोटोत त्या जागी काळा डाग येतो. नुसता डाग बरा दिसत नाही म्हणून तो त्याला फांद्या काढायचा, पानं काढायचा. खाकीतला गोपाळराव जाऊन तिथं एक टुमदार झुडूप उगवायचं. रिटचिंग करणाऱ्यालाच सुचावी अशी ही अक्कल. बारा वर्षांत अशी शंभरेक झुडपं त्यानं लावली. वहीत तर गोपाळरावचं नावसुद्धा लिहिलं नाही, आणि चिठ्ठ्या वाचून झाल्या की चुलीत.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली. नागपुरातही खिडक्यांना काळे कागद लागले, जो तो अनोळखी माणसाकडे वळून बघू लागला. शालिकनं चार रविवार कळ काढली. जानेवारीत मात्र त्याला राहवेना. लढाई संपली, आता कोण काय म्हणणार, असं स्वतःलाच समजावून तो सोनेगावला गेला, आणि पहिला फोटो काढायच्या आत दोन शिपायांनी त्याची मानगूट धरली. दुपारपर्यंत इंदोऱ्याहून पेटी आणि वहीसुद्धा ठाण्यात आली.

फौजदार साताऱ्याकडचे, वयस्क, आवाज न चढवणारे. त्यांनी वही चाळली. बारा वर्षांची विमानं, तारखा, वेळा. आपली वही आज पहिल्यांदाच शालिकला दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसत होती. मग फौजदारांनी पेटीतले फोटो टेबलावर मांडले.

"ही विमानतळाची फरशी. सगळी सिमेंटची. बरोबर?"

"हो साहेब."

"मग हे झुडूप?"

फौजदारांनी आणखी दोन फोटो पुढं सरकवले.

"इथं पण झुडूप. इथं पण. विमान बदलतं, साल बदलतं, झुडूप आहेच. काय झाकलंयस याच्याखाली?"

"उगवलं असन, साहेब," शालिक म्हणाला. असलं उत्तर शाळेतल्या पोरानंही दिलं नसतं. पण दुसरं उत्तर दिलं तर गोपाळरावची नोकरी जात होती.

चार वाजता मधुकरराव आले. माणूस सालस आहे, विमानाचं खूळ आहे, बाकी काही नाही, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. फौजदारांना ते पटल्यासारखं दिसलं. ते म्हणाले, "तुम्ही माणसाची हमी घेताय, त्याला सोडतो. पण या पेटीतले फोटो विमानतळाचे आहेत. तिथला कुणी एक माणूस येऊन म्हणू दे, की याला मी ओळखतो, हा हौसेनं येतो. पेटी उचला आणि जा. नाहीतर हे सगळं आजच जाळून टाकायला लागेल. आहे कुणी?"

शालिकच्या जिवात जीव आला. "गोपाळराव हायेत ना, साहेब! सामानाचे कारकून. मले तारेपाशी नेहमी पाहतात." चिठ्ठ्यांबद्दल त्यानं अवाक्षरही काढलं नाही. नुसतं ओळखतो म्हणायचं होतं. त्यानं कुणाची नोकरी जात नाही.

जीप गेली आणि गोपाळरावला घेऊन आली. तो आत आला, फौजदारांना सलाम केला आणि शालिक बसला होता ते बाकडं रिकामं असल्यासारखा उभा राहिला.

"याला ओळखता?"

"नाही साहेब."

शालिकला वाटलं, प्रश्न नीट कळला नसेल. तो बाकावरून अर्धा उठला. "गोपाळभाऊ, मी हावो ना."

"तारेपाशी एक-दोनदा पाह्यलं हाय याले," गोपाळराव फौजदारांनाच म्हणाला. "मले तवाच संशय आला होता."

फौजदारांनी एक फोटो त्याच्यापुढं सरकवला. "तुमच्या तिथं हे झुडूप आहे का?"

गोपाळरावनं फोटो हातात घेतला. चाकापाशी, कमरेवर हात ठेवून जिथं तो उभा होता, बरोबर तिथं बघितलं. "नाही साहेब. तिथं सारं सिमेंट हाय. हे यानंच काहीतरी केलं असन."

दुसरा कुणी असता तर टेबलावर मूठ आपटून म्हणाला असता, की साहेब, हे झुडूपच तुमच्यासमोर बोलतंय! शालिकच्या ओठावर ते आलंही. पण ज्याला बारा वर्षं लपवलं त्याला असं एका क्षणात उघडा पाडायला त्याची जीभ रेटेना, आणि तो विचार करतोय तोवर गोपाळराव सलाम करून बाहेर पडलासुद्धा. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि इथं तर केसही शालिकनंच पुरवला होता.

पेटी ठाण्यामागच्या अंगणात रिकामी झाली. निगेटिव्ह कागदासारख्या जळत नाहीत. त्या आधी वळतात, मग वितळून एकमेकींना चिकटतात. शालिक तिथं उभा राहून बघत होता. मधुकररावांनी दोनदा खांद्याला धरून ओढलं, तरी हलला नाही. शिपायानं कॅमेरा परत दिला, तो त्यानं पुन्हा कधी उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. संध्याकाळी दारात सायकल वाजली. गोपाळराव. तो ठाण्यात काय बोलला, हे प्रेमिलाला ठाऊक नव्हतं. पेटीतलं सगळं जाळलं एवढंच नवऱ्यानं सांगितलं होतं. तिनं नेहमीसारखा चहा टाकला. शालिकच्या मनात आलं, आता हा रडेल. म्हणेल, तीन पोरींचा बाप हावो, भेलो गा, चुकलो. आणि खरं सांगायचं तर शालिक माफ करायच्याच तयारीत बसला होता. एका शब्दाची खोटी होती.

गोपाळरावनं प्रेमिला आत जाईपर्यंत वाट पाहिली. मग पुढं वाकून हळूच विचारलं, "चिठ्ठ्यायचं तं नाही ना बोलला तू?"

शालिकनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"सांग ना गा. बोलला का?"

"नाही."

"झुडपाचं?"

"नाही."

गोपाळरावचे खांदे खाली आले. त्यानं बशीत चहा ओतला, फुंकून प्यायला, आणि आत हाक मारून आणखी थोडी साखर मागितली. पेटीबद्दल त्यानं विचारलं नाही. निघताना उंबऱ्यात त्यानं शालिकच्या पाठीवर थाप मारली. "मले मालूमच होतं. तू भला माणूस हायेस गा."

त्यानंतर सोळा वर्षं शालिकराम मधुकररावांच्या मागच्या खोलीत लोकांचे चेहरे साफ करत बसला. सोनेगावच्या रस्त्यानं गेला नाही. विमानाचा आवाज आला की प्रेमिलाच अंगणात जाऊन बघायची आणि आत येऊन कामाला लागायची. ठाण्यातलं 'नाही साहेब' त्यानं भीतीच्या नावावर घातलं होतं. भीती कुणाला नसते, असं तो स्वतःच म्हणायचा. पण ती पाठीवरची थाप त्याला कधीच गिळता आली नाही. गोपाळरावला ठाण्यात शिरतानाच ठाऊक होतं, की झुडपाखाली कोण आहे हे शालिक सांगणार नाही. तेवढ्या भरवशावरच तो खोटं बोलला होता.