उस्तादाचे कान

सहदेव पाताडे शिकवायचा रिव्हॉल्व्हर, पण बोलायचं सगळं स्वयंपाकघरातलं. "चाप ओढू नका रे. लिंबू पिळताय तसा दाबा, सगळा रस एकदम नको." पहिल्यांदा हत्यार हातात घेतलेला दांडगा बाप्या ते ऐकून हसायचा, आणि हसला की त्याचा खांदा सैल पडायचा. सहदेवला तेवढंच हवं असायचं.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, बंद पडलेल्या दगडखाणीत, अण्णांचं मैदान होतं. अण्णा बँकांना आणि सोन्याच्या पेढ्यांना रखवालदार पुरवायचे. पोलिसातून निवृत्त झाल्यावर सहदेव त्यांच्याकडे उस्ताद म्हणून लागला. गिरण्यांचा संप होऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे शिकायला येणारे बहुतेक गिरणीतलेच. जन्मभर सूत सांधलेले हात लोखंड धरताना असे लटपटायचे की समोरचा पुठ्ठा सोडून गोळी कुठेही जाई. कुणी दोन्ही डोळे मिटून बार काढी. कुणाचं अडलं की तो रिव्हॉल्व्हरसकट मागे वळे, "उस्ताद, ही चालत नाही बघा," आणि मागची रांगच्या रांग जमिनीवर आडवी.

"नळी बांधाकडे," समोरच्या मातीच्या बांधाकडे हात करून सहदेव ओरडायचा. "हत्यार घेऊन कुणाकडे वळायचं नाही, मी मेलो तरी."

शिकणाऱ्यांच्या कानात कापसाचे बोळे असत. सहदेवनं ते कधी घातले नाहीत. बार नीट वाजला की फुसका गेला हे उस्तादाला कानानं कळावं लागतं. दमट काडतूस फुसकं गेलं तर गोळी नळीतच अडकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली की नळी फुटून हाताच्या चिंध्या होतात. म्हणून तो पोलिसात असल्यापासून उघड्या कानांनीच उभा राहिला. आणि त्या आवाजांनी त्याचेच कान खाल्ले.

हे आधी कळलं त्याच्या बायकोला, द्रौपदीला. ती तोंडाचा पट्टा सोडायची आणि तो शांतपणे सुपारी कातरत बसायचा. म्हातारपणी का होईना, नवऱ्याला अक्कल आली, असं तिला दोन दिवस वाटलं. मग तिनं त्याच्या पाठीमागे पातेलं आपटून पाहिलं, तो वळलाच नाही.

"अण्णांना सांगून टाकतो," तो म्हणाला.

ती त्याच्यासमोर येऊन बसली. "बाळाला कुठं काही लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही." बाळा त्यांचा मुलगा. संपात त्याची गिरणी गेली आणि बायकोपोर घेऊन तो त्यांच्या घाटकोपरच्या खोलीत येऊन राहिला होता. खाणारी तोंडं पाच आणि कमावणारा सहदेव एकटा.

"आणि कुणाचा हात गेला तर?"

"अहो, कान गेलेत, डोळे आहेत ना धड? डोळ्यांनी बघा."

मग सहदेव डोळ्यांनी ऐकायला लागला. बार झाला की नळी वर उसळते, बांधावर माती उडते. प्रत्येक गोळीची माती उडेपर्यंत तो श्वास धरून ठेवी. रोज सकाळी बसमध्ये बसताना देवाकडे मागणं एकच, आज फुसका नको. देवाकडे काय काय मागायची वेळ येते माणसावर.

पावसाळा संपता संपता कुंडलिक आला. देवगडकडचा, उभा जन्म गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेलेला. बायकामुलं गावी, आणि नोकरी मिळाल्याचं कळवल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही असं ठरवून बसलेला. त्यानं दुसऱ्याच दिवशी चहाच्या वेळी गंमत केली. आवाज न काढता नुसते ओठ हलवून विचारलं, "उस्ताद, चहा?"

"अर्धा," सहदेव म्हणाला. बाकीचे बघत राहिले, कारण कुणी काही विचारलेलंच त्यांना ऐकू आलं नव्हतं.

कुंडलिक नंतर त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "माका कळला, उस्ताद. साच्यावरचो माणूस मी. थंय खडखडाटात आम्ही सगळे ओठावरनाच बोलू." आणि त्यानं तोंडाला कुलूप घातलं.

तो दिवस उजाडला तेव्हा ऊन चांगलं पडलं होतं, पण काडतुसं ओल धरून बसलेली. सहदेव कुंडलिकच्या शेजारच्याचे पाय नीट करायला वाकला होता. तेवढ्यात त्या माणसाचे डोळे एकदम मोठे झालेले त्यानं पाहिले. तो वळला. मागची रांग हात हलवत होती, सगळ्यांची तोंडं उघडी. बांधावर माती नव्हती. आणि कानात बोळे, अंगात भीती घेऊन कुंडलिक पुन्हा चाप दाबत होता.

सहदेवनं झेप घेऊन गोळ्यांची चक्री मुठीत आवळली. चक्री फिरली नाही, बार झाला नाही.

आरडाओरडा ऐकून अण्णा आले. नळीत सळई घातली, ती अर्ध्यात अडली. अण्णांच्या मिश्या ओठांवर आलेल्या, त्यांचं बोलणं सहदेवला कधीच पुरतं उमगत नसे. पण कुंडलिककडे आणि मग फाटकाकडे केलेला हात उमगला. कुंडलिकचे ओठ तर स्वच्छ दिसले. "माझीच चूक, साहेब." त्यानं सहदेवकडे बघितलंसुद्धा नाही.

आता नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिलं की उद्याची बस होती, महिन्याचा पगार होता, द्रौपदीचा शब्द राहत होता. कुंडलिक कानातले बोळे काढून खिशात ठेवत होता, परत लागतील असे जपून.

"चूक त्याची नाही," सहदेव म्हणाला. "मला ऐकू येत नाही, अण्णा." बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. अख्ख्या खाणीला ऐकू गेलं.

अण्णा बराच वेळ काहीतरी बोलले. मग त्यांनी हात पुढे केला. हत्यारांच्या कपाटाच्या किल्ल्या सहदेवच्या कमरेला असत. त्या त्यानं सोडून अण्णांच्या हातावर ठेवल्या.

"याला राहू द्या," तो कुंडलिककडे बोट करून म्हणाला. "हात चांगला आहे त्याचा."

अण्णांच्या मिश्या हलल्या. सहदेवनं कुंडलिककडे पाहिलं. कुंडलिकनं ओठांनी सांगितलं, "राहू दे म्हणतात." आणि मान खाली घातली, कारण उस्तादाला राहू दे असं अण्णा म्हणाले नव्हते.

घरी द्रौपदी रात्रीचे तांदूळ निवडत होती. अवेळी आलेला नवरा तिनं पाहिला, मग त्याची रिकामी कंबर.

"सांगितलंत?"

"सांगितलं. दुसऱ्याच्या पोटावर पाय आला असता."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिनं सुपातले तांदूळ दोनदा सारखे केले, त्यातले मूठभर उचलून परत डब्यात टाकले, आणि झाकण लावलं.